वाचणाऱ्याचं नाव

तुम्ही सही बघितलीत. आवाज ऐकला नाहीत. सोळा वर्षं एक माणूस खुर्चीत बसून घसा फाटेपर्यंत वाचत होता, समोरची बाई ते लिहून घेत होती, आणि तुम्ही काय केलंत? नक्कल उलटून खालच्या कोपऱ्यात बघितलंत, तिथं ‘लेखन : स्नेहल’ एवढं दिसलं आणि म्हणालात, हिलाच पाठवायचं. लिहायच्या आधी कुणीतरी वाचावं लागतं, हे तुमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही? तुम्ही शिकलेली माणसं. हे तुम्हाला कळत नसेल तर तुम्ही अडाणी आहात, आणि कळत असून केलं असेल तर चोर आहात. दोन्हीपैकी काय ते तुमचं तुम्हीच ठरवा.

केरबा हे मनातल्या मनात परदेशी अभ्यासाला माणूस निवडणाऱ्या समितीला लिहीत होता. आज तिसऱ्यांदा. पहिल्यांदा सकाळी दूध कट्ट्यावर उभ्यानं दूध पिताना, दुसऱ्यांदा दुपारी दप्तरखान्यात रिकाम्या खुर्चीसमोर बसून, आणि आता अण्णासोंच्या पुस्तकाच्या दुकानात मागच्या टेबलाशी. पुढ्यात तीन पुस्तकं होती. एक जाड, एक मध्यम, एक पातळ. साडेपाचला स्नेहल येणार होती आणि तोवर त्याला त्यातलं एक निवडून ठेवायचं होतं. तिच्यासाठी. ती जिथं चालली होती, तिथं कसं राहायचं, काय खायचं, कुणाशी कसं बोलायचं, हे सांगणारं पुस्तक. तिनंच मंगळवारी सांगितलं होतं, ‘‘मामा, पुस्तक तुम्हीच निवडा. फारशी तुमच्याइतकी कुणाला येतीय इथं?’’ ती हे साधेपणानं म्हणाली की टोचून, हे केरबाला चार दिवस झाले तरी ठरवता आलं नव्हतं. हेवा पोटात होतो म्हणतात, त्याला तो घशात झाला. मंगळवारी सकाळी दप्तरखान्याचे अध्यक्ष उदयसिंहांनी समितीचं पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, ताजिकिस्तान, दुशान्बे शहर, दोन महिने, जुन्या फारशी कागदांच्या अभ्यासासाठी, आणि पेढ्याचा बॉक्स फिरला. केरबानं पेढा तोंडात टाकला, तो घशाशी येऊन थांबला. तेव्हापासून तो तिथंच आहे असं त्याला वाटत होतं. चार दिवस त्यानं एक कागद वाचला नव्हता. घसा बसलाय म्हणून सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

‘‘केरबा, आवर की,’’ अण्णासो पुढनं ओरडले. ‘‘सहाला कुरियरवाला येतोय. एक ठेवायचं, दोन परत. मुंबईवाल्यानं त्याच बोलीवर दिल्यात.’’

‘‘बघतोय न्हवं.’’

‘‘निवडायला दिल्यात का पाठ करायला?’’ अण्णासो चष्मा कपाळावर चढवून मागं आले. सत्तरीचे गृहस्थ, सूर्य मावळायच्या आत जेवणारे, आणि गेली तीस वर्षं केरबाला फुकट पुस्तकं चाळू देणारे. ‘‘खायाचं काय मिळतंय बघ तिथं. आमच्यातलं कोण गेलं तर उपाशीच मरायचं. मटण आन् कांदा, दुसरं काय नसंल.’’

‘‘तुम्हाला कोण पाठवतंय?’’

‘‘मला न्हाय आन् तुला बी न्हाय,’’ अण्णासो हसले, त्याच्या पाठीवर थाप मारून पुढं गेले. थाप हलकीच होती. तरी केरबाला ती मणक्यात लागली.

त्याला न्हाय. त्याच्याकडं पासपोर्ट होता, ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती. त्रेचाळिसाव्या वर्षी त्यानं तो काढला होता. कशासाठी, तर कधीतरी कुणीतरी विचारेल, केरबा, फारशी कागद वाचणारा माणूस पाहिजे, जातोस का, आणि त्या वेळी पासपोर्ट नाही म्हणायची पाळी यायला नको. पोलीस चौकशीला घरी आले तेव्हा गल्लीतल्यांना वाटलं, पोरांनी फुटबॉलच्या मैदानात मारामारी केली. दहा वर्षं तो पासपोर्ट कपाटात धोतरांच्या घडीखाली होता. अधूनमधून तो काढून त्याची कोरी पानं उलटून बघायचा. नव्या पानांचा वास हळूहळू गेला, डांबरगोळ्यांचा आला. मुदत संपली. एकही शिक्का पडला नाही. आणि स्नेहलनं तिचा पासपोर्ट गेल्या महिन्यात काढला. समितीचं पत्र येणार असं उदयसिंहांना आतून कळल्यावर. त्याची शाई ओलीच आहे अजून.

पेठेतली पोरं फुटबॉल खेळायला पळायची त्या वयात केरबा दप्तरखान्यात शिपाई म्हणून लागला. लाल फडक्यांत बांधलेले कागदांचे गठ्ठे, त्यांना रुमाल म्हणायचं, ते झटकायचे, उन्हाला लावायचे, परत बांधायचे. झटकता झटकता मोडी वर्षभरात आली. मग मधेच निघणारे ते दुसरे कागद, उजवीकडून डावीकडं पळणारी अक्षरं, ती कुणालाच येत नव्हती. बिंदू चौकाकडच्या एका म्हाताऱ्या घड्याळजीला येत होती. केरबा सहा महिने त्यांच्या दुकानात संध्याकाळी जाऊन बसला. डोळ्याला भिंग लावून ते घड्याळ उघडायचे, आणि वर न बघता एकेक अक्षर सांगायचे. शेर, रोज, दोस्त. तोंडात गोळा फिरवल्यासारखे त्यांचे उच्चार केरबानं जसेच्या तसे उचलले. म्हातारा गेला, त्यानंतर जे काही आलं ते केरबाचं त्याचं त्यानं आणलं. जुन्या बाजारातनं आणलेली फाटकी पुस्तकं, रद्दीतली एक शब्दांची वही, आणि कागदच कागद. या जगात फारशी बोलणाऱ्या एकाही जिवंत माणसाशी तो आजवर बोलला नव्हता. मेलेल्यांशीच त्याचं बोलणं. हुकूम, सनदा, अर्ज, तक्रारी.

मग स्नेहल आली. गारगोटीची, बावीस वर्षांची, वेणी पुढं घेऊन बसणारी, अक्षर मोत्यासारखं. तेव्हापासून पद्धत पडली. मोठं टेबल, एका बाजूला तो, समोर ती. कागद त्याच्या पुढ्यात. तो मोठ्यानं वाचायचा, ती उच्चार देवनागरीत लिहायची, मग तो अर्थ सांगायचा, ती खाली तो लिहायची. लिहिताना तिची मान जराशी कलायची, डावा कान त्याच्याकडं. काही वर्षांनी अशी वेळ आली की ती रस्त्यानं जाताना दिसली तरी केरबाला तो कान आधी दिसायचा. एक नियम त्यानं पहिल्याच दिवशी घालून दिला होता. लिहिणाऱ्यानं मधी बोलायचं नाही. मधी बोललं की वाचणाऱ्याची ओळ तुटते. ती कधीच बोलली नाही.

त्यानं जाड पुस्तक पुढं ओढलं. इराणचं. गुळगुळीत कागद, निळे घुमट, बाजारात पिस्त्यांच्या राशी. नव्या छपाईचा वास नाकात शिरला तसा त्याला धोतरांच्या घडीखालचा वास आठवला. शेवटी शेवटी प्रवाशांना लागणारी वाक्यं दिली होती, इंग्रजीत आणि शेजारी फारशी अक्षरांत, आणि ती अक्षरं बघून केरबाचा जीव असा फुलला की आपण कशाला आलोय हे तो क्षणभर विसरला. बाजार कुठं आहे. पाणी पाहिजे. तुमचं नाव काय. चारशे वर्षांपूर्वीच्या हुकमातली अक्षरं इथं पाणी मागत होती. तो ओठ हलवत वाचत गेला, घशातला पेढा जरा खाली सरकल्यासारखा झाला. मधल्या पुस्तकात पाच देश एकत्र कोंबले होते, त्यात ताजिकिस्तान पंगतीच्या शेवटी दाराजवळ पान मांडावं तसा चाळीस पानांत उरकलेला. मग त्यानं पातळ पुस्तक उघडलं. ते एकट्या ताजिकिस्तानचं होतं, साल यंदाचं. पहिल्याच फोटोत एक रुंद रस्ता, झाडं, दुकानांच्या पाट्या. केरबा पाटी वाचायला गेला आणि त्याला एक अक्षर लागलं नाही. डोळे चोळले. अक्षरं उलटी लावल्यासारखी, काही इंग्रजी वाटणारी, काही खुर्चीसारखी. खालच्या मजकुरात साफ लिहिलं होतं. इथले लोक फारशीच बोलतात, तिला ताजिक म्हणतात, पण ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपासून लिहितात रशियन अक्षरांत. जुन्या कागदांतली लिपी फक्त अभ्यासकांना आणि काही म्हाताऱ्यांना येते.

म्हणजे तिथं केरबा अडाणी. हा विचार त्याच्या अंगावर थंड पाण्यासारखा आला. तिथल्या एसटी स्टँडवर, जे काय तिथं असेल त्याच्यावर, तो पाटीखाली उभा राहून दुसऱ्याला विचारणार, पावणं, ही गाडी कुठं जाती. आणि विचारणार कसं? मेलेल्यांशी बोलायची सवय त्याला, जिवंत माणूस भरभर बोलायला लागला तर त्याला कळणार होतं का? तिला कळेल. तिचा सगळा कारभार कानाचा. सोळा वर्षं ती फक्त ऐकत आली. पुस्तकाच्या शेवटी वाक्यं होती, शेजारी इंग्रजी अक्षरांत उच्चार. शेर. रोज. दोस्त. इराणच्या पुस्तकात हेच शब्द शीर, रूज, दूस्त असे लिहिले होते, आणि इथं घड्याळजी बोलायचे तसे. तो म्हातारा ज्या तोंडानं बोलायचा, त्या तोंडाचा सगळा एक देश होता, आणि त्या देशात स्नेहल जाणार, केरबाचा आवाज कानात भरून घेऊन. शहराचं नाव तर त्यानं आयुष्यात हजार वेळा वाचलं होतं. दुशान्बे म्हणजे दोशंबा, म्हणजे सोमवार. कागदाच्या शेवटी वार लिहिलेला असायचा. सोमवारी बाजार भरायचा म्हणून गावाचं नाव सोमवार, आपल्याकडं शनिवार पेठ असते तसं. हजार सोमवार त्यानं वाचून दिले होते, तिनं लिहून घेतले होते, आणि आता तिला तिथं घर मिळणार होतं, सोमवारात, दोन महिने.

त्यानं पातळ पुस्तक मिटलं. अण्णासोंनी परत करायच्या पुस्तकांसाठी सुतळी काढून ठेवली होती, तिच्याशेजारी ते पालथं ठेवलं. त्यावर मधलं ठेवलं. जाड पुस्तक पुढ्यात राहिलं. हे द्यायचं. भाषा एकच म्हणायचं. अक्षरं आपल्या कागदातलीच म्हणायचं. तिला यातलं एक अक्षर येत नाही, आणि तिथल्या पाट्यांशी याचा काही संबंध नाही. जाऊ दे हे ओझं घेऊन. बसू दे रस्त्यावर, कळू दे वाचणारा समोर नसला की काय होतं. पहिल्या दिवशी कुणीतरी जुना कागद पुढ्यात ठेवेल, वाचा म्हणेल, आणि मग समितीला कळेल आपण कुणाला पाठवलं. हा विचार इतका गोड लागला की त्यानं तो दोनदा केला. मग जाड पुस्तक चाळता चाळता शेवटच्या पानावर आकड्यांचा तक्ता आला, एकपासून दहापर्यंत, आणि दोनावर आणि तीनावर त्याची नजर अडकली. दोनाला एक दात, तीनाला दोन. दातभर फरक.

हातकणंगल्याकडच्या एका गावचे पाटील. दोन घराणी, जत्रेत मानाचा पहिला नारळ कुणाचा यावरनं पिढ्यान्‌पिढ्यांचं भांडण. कागदातल्या सालावर निकाल होता. केरबानं दोनाला तीन वाचलं, साल दहा वर्षं पुढं गेलं, आणि थोरल्या घराचा मान धाकट्या घराकडं गेला. त्याच रात्री जेवताना, भाकरीचा तुकडा मोडताना, त्याला कळलं. कागदाला घडी पडली होती, दुसरा दात शाईचा नव्हता, घडीचा होता. सकाळी जाऊन सांगू म्हणाला. सकाळी गेला, दुसरा रुमाल सोडला. जत्रेनंतर थोरल्या घरची वीस-पंचवीस माणसं साल दुसरीकडून तपासून घेऊन दप्तरखान्यात आली, नक्कल आपटली, खाली नाव बघितलं आणि विचारलं, ही स्नेहल कोण. ती उभी राहिली. उदयसिंहांनी तिला माफी मागायला लावली, त्या सगळ्यांसमोर, आणि ती म्हणाली, माझं चुकलं. केरबा टेबलावरच्या दौतीकडं बघत होता. दौतीच्या टोपणावर वाळलेल्या शाईचा एक ठिपका होता, तो त्याला आजही काढून दाखवता आला असता.

आणि नाव फक्त तिचंच का होतं? पद्धत पडली तेव्हा उदयसिंह म्हणाले होते, दोघांचीही नावं घालू, वाचन अमुक, लेखन तमुक. केरबाच नको म्हणाला. ‘‘माझं कशाला, शिपायाचं नाव बघून लोक हसतील.’’ उदयसिंहांनी चारचौघांत सांगितलं, याला म्हणतात मोठेपणा. मोठेपणा कसला. नाव नसलं की कुणी धरायला येत नाही, एवढंच त्याला दिसलं होतं. केरबानं तक्त्याचं पान उलटलं. समितीला लिहायचं पत्र त्यानं पुन्हा सुरू केलं, तुम्ही सही बघितलीत, पण ते पहिल्याच वाक्याला अडकलं.

‘‘लई वेळ बसलासा व्हय मामा?’’

स्नेहल आत आली होती. अडतीस वर्षांची, खांद्याला ऑफिसची पिशवी, केसांत दोन-चार पांढरे. तिनं अण्णासोंकडं बघून मान हलवली आणि सवयीनं त्याच्या समोरची खुर्ची ओढली.

‘‘निवडलं?’’

‘‘हे घे.’’ आवाज खरखरीत आला.

तिनं जाड पुस्तकाचं वजन हातात बघितलं. ‘‘हे इराणचं हाय.’’

‘‘भाषा एकच. अक्षरं आपल्या कागदातलीच हायत. बाकीच्यात नुसते डोंगार आन् हाटेलं.’’

‘‘असं,’’ ती म्हणाली. पुस्तक टेबलावर ठेवून तिनं पाठीमागची पानं उघडली, वाक्यांची. जरा वेळ बघत राहिली. मग तिनं पुस्तक फिरवलं. वरचं खाली, खालचं वर. केरबाला आत हायसं वाटलं, हिला सुलटं कुठलं आणि उलटं कुठलं तेही कळत नाही, हे समितीनं बघायला पाहिजे होतं. तिनं बोट टेकवलं आणि वाचलं, ‘‘नाम-ए-शुमा चीस्त.’’

तुमचं नाव काय.

पुढं हिशेब लिहिणारा अण्णासोंचा हात थांबला. तिनं पुढची ओळ वाचली, बाजार कुठं आहे, मग त्याच्या पुढची. संथ, न अडखळता. आवाज बाईचा होता, बाकी सगळं केरबाचं होतं. ओळीच्या मधे तो आवंढा गिळायचा ती जागाही.

‘‘कागद तुमच्या पुढ्यात असायचा,’’ पुस्तकावरनं डोळे न काढता ती म्हणाली. ‘‘मला समोरनं उलटाच दिसायचा. सोळा वर्सं उलटाच बघितला. सुलटा धरला तर मला एक अक्षर येत न्हाय.’’

‘‘मग तिथं काय करणार?’’

‘‘उलटा धरीन. कागदाला काय कळतंय?’’ ती जराशी हसली. मग हात लांबवून सुतळीजवळचं पालथं पातळ पुस्तक तिनं खालून ओढून काढलं आणि पिशवीत टाकलं. ‘‘तिथल्या पाट्या रशियन अक्षरात असत्यात मामा. मोबाईल हाय की माझ्याकडं. ही तिन्ही पुस्तकं अण्णासोंना मीच मागवायला सांगितल्यात. तुम्ही मला कुठलं देताय ते बघायचं हुतं.’’

केरबा अण्णासोंकडं बघायला गेला. अण्णासो चष्मा पुसत होते. पंखा फिरत होता, इराणच्या पुस्तकाची पानं आपोआप उलटत जाऊन आकड्यांच्या तक्त्यावर थांबली, आणि तिनं त्यावर तळहात ठेवला.

‘‘पाटलांच्या कागदातला आकडा दोन हुता,’’ ती म्हणाली. आवाज चढला नाही. ‘‘मला दिसत हुता. घडी माझ्या बाजूनं चांगली दिसायची. तुम्ही तीन म्हणालासा, मी तीन लिवला. मधी बोलायचं न्हाय म्हणून तुम्हीच सांगितलं हुतं. मग पंचवीस माणसांम्होरं माझं चुकलं म्हणाले. त्याचं मला वाईट न्हाय वाटलं. खरंच चुकलं हुतं की माझं, दिसत असून गप बसले. पण सात वर्सं झाली, माझ्या डोक्यात एकच हाय. तुमच्या नजरचुकीनं झालं असंल तर मी ह्या समितीला लिवणार हाय, वाचणारा केरबा हाय, त्येला पाठवा, मी त्येच्या हाताखालची. पत्र लिवून ठेवलंय, पिशवीत हाय. आन् तुम्हाला म्हाईत असून तुम्ही त्या दौतीकडं बघत बसला असशीला, तर मी जाणार. सोमवारचं विमान हाय.’’

दाराशी कुरियरवाल्याची गाडी थांबली. अण्णासोंनी हातानंच त्याला जरा थांब म्हणून सांगितलं. केरबानं तोंड उघडलं. पेढा घशातच होता. माहीत होतं का, याला हो म्हणायला एक अक्षर लागतं, नाही म्हणायला दोन, आणि दोन्ही त्याला स्वच्छ दिसत होती. ‘नाही’त सोमवार नावाचं गाव होतं, झाडांचा रुंद रस्ता होता, नव्या पासपोर्टच्या कोऱ्या पानावरचा पहिला शिक्का होता.

स्नेहलनं पिशवीतनं वही काढली, पेनाचं टोपण काढलं. मान जराशी कलली, डावा कान त्याच्याकडं झाला.

‘‘बोला मामा. कळलं हुतं का न्हाय तुम्हाला? तुम्ही म्हणशीला तसं लिवून घेते. आन् खाली नाव कुणाचं घालू, ते बी आत्ताच सांगा.’’